आधी कंबर, मग हात

गोल्फच्या काठीच्या रबरी मुठीचा वास आला की देवपूरच्या मैदानावरची एक सकाळ आठवते. मी नवाच क्रीडाशिक्षक होतो. एका मुलीला मान, खांदे, कोपर, मनगट असं सगळं एका दमात सांगत होतो आणि तिची काठी दर वेळी चेंडूवरून हवेतच फिरत होती. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, बठ्ठं एकदम नका सांगू. पहिले काय करू, तेवढंच सांगा." मग मीच काठी घेऊन सावकाश फिरवून पाहिली, तेव्हा कळलं की काठी खाली येताना आधी कंबर वळते, मग खांदे, हात सगळ्यांत शेवटी. आठवडाभर तिच्याकडून मी त्याच क्रमाने सराव करून घेतला आणि एका सकाळी तिचा चेंडू थेट कुंपणापर्यंत गेला. आज इतर शिक्षक या क्रमाला माझी पद्धत म्हणतात, आणि तो प्रश्न तिचा होता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.