साडेपाचच्या खुर्च्या

माझं ऑफिस म्हणजे भंडाऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. कंपनीला इमारतच नाही. एकजण कोचीला, एकजण इंदूरला, मॅनेजर बाई परदेशात, आणि मी इथे, व्हरांड्याकडच्या खिडकीपाशी. चार वर्षांत यातल्या कुणालाही मी प्रत्यक्ष भेटलेली नाही. आई गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून ही धरली, ती बाबांना सोबत व्हावी म्हणून. हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते.

बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. ते आणि त्यांचे तीन दोस्त तीसेक वर्षं एकाच फॅक्टरी बसने गेले-आले, ठरलेल्या चार सीटवर बसून. पुढे घरंही एकाच वस्तीत बांधली. बस त्यांना संध्याकाळी साडेपाचला सोडायची, म्हणून रिटायर झाल्यावरही ते साडेपाचलाच आमच्या व्हरांड्यात जमायचे. प्लास्टिकच्या चार खुर्च्या, दोन पुढे, दोन मागे, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. समोरासमोर बसलं की त्यांना म्हणे बोलायला सुचत नसे. बाबा मागे, आणि त्यांच्या शेजारी खिडकीवाले काका; बसमध्ये खिडकीची सीट त्यांची. व्हरांड्यात कुठली आली बसची खिडकी, पण कडेची ती जागा त्यांचीच. चौघंही कानाने कमी झालेले, त्यामुळे एक हसला की चौकापर्यंत ऐकू जायचं.

आणि साडेपाचलाच माझी रोजची मीटिंग असायची.

मी बोलायला माइक उघडायचा आणि बाहेर हशा फुटायचा, हे रोजचंच. मला वाटायचं, तिकडे सगळे मनात म्हणत असतील, ही कुठल्या बाजारात बसून काम करते! तसं कुणी एका शब्दाने म्हटलं नव्हतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझ्या तर नाकावर राग.

एके दिवशी महिनाभराचं काम सगळ्यांना दाखवायची पाळी माझी होती. दोन वाक्यं झाली नाहीत तोच बाहेर खो-खो सुरू. हेडफोन तसाच गळ्यात घेऊन मी बाहेर गेले आणि म्हणाले, "काका, इथे लोक काम करतात." तेही अगदी पुण्याच्या मराठीत.

जन्मभर सकाळी डबा घेऊन बस गाठलेल्या माणसांना मी हे ऐकवलं.

खिडकीवाले काकाच आधी उठले. "हाव बाई, आमचं झालं. तुहं चालू दे." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडून तरी घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवलेल्या. विचारलं तर बाबा म्हणाले, "मीनंच सांगतलं त्यायले. घरात आमच्या बाईचं ऑफिस हाये म्हटलं." त्यांच्या बोलण्यात कौतुकच होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं.

काही दिवस चौघं चौकातल्या पानठेल्यापाशी जमले. पण या वयात उभं राहणार किती? मोडलं ते. मग एक काका मुलाकडे हैदराबादला गेले. दुसऱ्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, ते घराबाहेर पडेनात. खिडकीवाले काका हिवाळ्यात वारले. बाबा एकटेच जाऊन आले. मी मीटिंगमध्ये होते.

परवा मीटिंग लवकर आटोपली आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू झाल्या. मॅनेजर बाईंनी विचारलं, "तुझ्या घराबाहेर ते म्हातारे हसायचे ना, ते हल्ली का ऐकू येत नाहीत?" कोचीचा म्हणाला, "मी तर तेवढ्यासाठी तुझ्या बोलायच्या पाळीची वाट बघायचो. कळायचं काहीच नाही, पण ते हसले की मीही हसायचो."

नेट जातंय असं खोटंच सांगून मी लॅपटॉप मिटला. बराच वेळ रडले.

मग बाहेर जाऊन बाबांना म्हटलं, "बाबा, बलावा न काकायले. हासा किती हासाचं ते. मले काही तरास नाही."

"आता कोणाले बलावू, बाई?" बाबा म्हणाले. मग माझ्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून, अगदी दबक्या आवाजात, "तुही मीटिंग झाली काय?"

हल्ली मी माइक उघडाच ठेवते. साडेपाचला बाबा कोपऱ्यातून खुर्ची काढतात. एकच. तीही दोन्ही हातांनी उचलून आणतात, फरशीवर घासू न देता.