केवड्याची बाटली

सलीमभाई गेल्याचा मेसेज सकाळी आमच्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि मी तो खरा मानला नाही. या ग्रुपने आधी एका धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहिली होती आणि त्या माणसानेच खाली 'मी घरी आहे' असं लिहिलं होतं. मी मेसेज पाठवणाऱ्याला फोन लावला. तुम्हाला कोणी सांगितलं? त्याला पानवाल्याने सांगितलं होतं. पानवाल्याला कोणी सांगितलं ते पानवाल्याला आठवत नव्हतं. शेवटी मी रेहानाभाभींना, म्हणजे सलीमभाईंच्या बायकोला, फोन केलाच. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "नंदाताई, खरं आहे." त्यांना ठाऊक होतं की मी आधी खात्री करणार. ही खोड मला त्यांच्याच नवऱ्याने लावलेली... नाही, तशी ती माझ्यात होतीच, भाईंनी तिला फक्त धार लावली.

पनवेलला लाईन आळीत माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. शाळेची दप्तरं, स्कूटरची कव्हरं, रेक्झिनच्या पिशव्या. विमानतळ येणार येणार अशी नुसती चर्चा होती त्या काळात एक दाढीवाले गृहस्थ दुकानात आले, पिशवीतून प्लास्टिक आणि कापड चिकटवून केलेलं एक बोचकं काढलं आणि सरळ डोक्यावरून खांद्यापर्यंत घातलं. पुढे पारदर्शक काच, मागे पाण्याची नळी. आतून आवाज आला, "असं शिवून मिळेल?" मी कात्री हातातच ठेवली. तोंड झाकून माणसं काय काय करतात ते पेपरात रोज वाचत होते. म्हटलं, "कशासाठी?" ते म्हणाले, "श्वास घ्यायला." मी म्हटलं, "तो तर असाही येतोय." बोचकं काढून त्यांनी माझ्याकडे न बघता टेबलाखाली बघितलं. तिथे चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडा होता. "येतोय, पण काय घेऊन येतोय?" असं म्हणून त्यांनी स्वतः वाकून झाकण लावलं. परक्या माणसाने माझ्या दुकानातल्या वस्तूला हात लावला म्हणून मला राग आला. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी त्या संध्याकाळी त्यांच्या मोहल्ल्यात चौकशीला पाठवलं. नंतर कळलं की भाईंनीही माझी चौकशी केली होती, मी स्वस्तातला दोरा वापरते का याची.

हळूहळू कळलं ते असं. सलीमभाई आखातात जहाजदुरुस्तीच्या कामावर होते. लोखंडावर वाळूचा फवारा मारून गंज उडवायचा. मास्क मिळायचे, पण ते गालाला घट्ट बसले तरच उपयोगाचे, आणि दाढीवर ते बसत नाहीत. कडेच्या फटीतून धूळ आत. युसूफ नावाचा त्यांचा गाववाला, त्यांच्याच खोलीत राहणारा, रोज प्रामाणिकपणे मास्क लावायचा आणि रोज प्रामाणिकपणे धूळ खायचा. दाढी काढा किंवा काम सोडा, असं साहेब म्हणाला. युसूफने दोन्ही केलं नाही. गावी परत आला तो खोकत आला आणि खोकतच गेला. "मास्क होता, ताई," भाई सांगत, "सगळ्यांना दिसत होता. म्हणून कोणाला शक आला नाही." त्या एका वाक्यावर या माणसाचं पुढचं आयुष्य उभं राहिलं. गालाला चिकटायची गरजच नाही असं डोक्यावरून घ्यायचं हूड करायचं, नळीने आत स्वच्छ हवा सोडायची, ती हवा मानेपाशी बाहेर ढकलली जाईल आणि बाहेरचं काही आत येणार नाही. दाढी असो, गालात खळगा असो, चष्मा असो.

ऐकायला सोपं वाटतं. आम्ही कितीतरी वर्षं शिवत आणि उसवत बसलो. माणूस वाकला की मानेची झालर उघडायची. मान वळवली की काच तिथेच राहायची आणि डोकं दुसरीकडे जायचं. काचेवर वाफ धरायची. हे सगळं शोधायला भाईंची परीक्षा असे, आणि तिच्यासाठी केवड्याच्या अत्तराची एक छोटी बाटली. हूड घालायचं, हवा चालू करायची, मग दुसऱ्याने अत्तराचा कापूस मानेभोवती, काचेभोवती फिरवायचा. आतल्या माणसाने वाकायचं, वळायचं, बोलायचं. वास आला तर हूड नापास. वास नाही आला, तर लगेच पास नाही... झालर उचलून पुन्हा हुंगायचं. आता वास आलाच पाहिजे. नाही आला तर नाकच चोंदलेलं, परीक्षा रद्द. शुक्रवारी परीक्षा कधीच नसायची, कारण त्या दिवशी नमाजाला जाताना भाई स्वतः केवडा लावत.

आणि तरी त्यांना संशय असेच. कारण आपली माणसं. तळोज्याच्या कारखान्यांत पावडरची पोती ओतणारे कामगार हूड घालून बघायला येत, भाभी त्यांना चहा देत, आणि चहा प्यायल्यावर कोण म्हणणार की तुमचं हूड गळतंय? ओवे गावचे हसुराम म्हणून एक होते, त्या टोळीतले सगळ्यांत जुने. काच उचलून हसत म्हणायचे, "काय नाय, भाई. मस्त हाय." झालर उचलली की, "आला आला, लय भारी वास हाय." एकदा भाईंनी गुपचूप बाटलीत नुसतं पाणी भरलं. हसुराम झालर उचलून म्हणाले, "आला!" भाईंनी बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. हसुराम ओशाळले. "तुमाला वाईट वाटू नये म्हून बोललो." भाई म्हणाले, "मला वाईट वाटलं तर मी मरणार नाही, हसुराम. तुम्ही मराल." त्यानंतर कुठल्या दिवशी बाटलीत पाणी असेल याचा नेम नसे. मीदेखील दोनदा सापडले.

हा संशय कामापुरता राहिला असता तर बरं झालं असतं. 'हवा कुठून येते?' हा प्रश्न ते कुठेही विचारत. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले आणि बाहेरच येईनात. बघते तर गॅसच्या गीझरकडे टक लावून उभे. "हा हवा कुठून घेतो? खिडकी कुठंय?" नवरा म्हणाला, इतकी वर्षं आंघोळ करतोय, काही झालं नाही. भाई म्हणाले, "ज्यांना झालं ते सांगायला येत नाहीत." ताटं वाढलेली तशीच. दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन हजर. नवरा महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नाही, पण झरोका पाडून घेतला आणि पावसाळ्यातही बंद केला नाही.

मग एका ईदेला मला पहिली शंका आली. भाभींच्या हातून शीरखुर्म्याचं दूध खाली लागलं होतं. त्या बिचाऱ्या आधीच माफी मागत वाट्या देत होत्या, करपट वास अंगणापर्यंत येत होता. भाईंनी एक वाटी संपवली, दुसरी मागितली आणि म्हणाले, "यंदा मस्त झालाय." भाभींना वाटलं, नवरा आपली बाजू सावरतोय. त्यांचे डोळे भरून आले. मला मात्र ते पटेना. हा माणूस बायकोचं मन राखायला खोटं बोलणारा नव्हता. तो भर पंगतीत 'करपलंय' म्हणणारा होता. मी माझी वाटी तशीच हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. गेले कितीतरी दिवस एकही हूड नापास झालेलं नव्हतं... आधी दर खेपेला काहीतरी उसवावं लागे. मला वाटलं होतं, आपला हात बसला.

पुढच्या परीक्षेला मी आधी गेले, बाटली स्वच्छ धुतली आणि तिच्यात पाणी भरलं. भाईंनी हूड घातलं. मी कापूस फिरवला. ते वाकले, वळले. "नाही," आतून म्हणाले. मग झालर उचलली, नेहमीसारखं हुंगलं आणि म्हणाले, "आला. पास."

मी कापूस खाली ठेवला. म्हटलं, "भाई, बाटलीत पाणी आहे."

त्यांनी हूड काढलं नाही. काचेमागे चेहरा दिसत होता, आणि हवेचा फुस्स आवाज चालू होता. आतूनच त्यांनी विचारलं, "शक कधीपासून?" मी म्हटलं, "शीरखुर्म्यापासून." ते हसले, आणि हसता हसता काच आतून धूसर झाली. इतके दिवस हा माणूस कापूस हुंगून 'आला' म्हणत होता, कारण आपलं नाक गेलं हे कळलं तर कोणी हूड मागणार नाही याची त्यांना भीती होती. मला त्यांचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "हसुराम तुमच्या नाकाच्या भरवशावर धुळीत जातात, भाई." ते म्हणाले, "ओरडा. हक्क आहे तुमचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेम्पो करून तळोज्याला गेलो. कारखान्याच्या गेटवर भाईंनी टोळीला सगळं सरळ सांगितलं. माझं नाक गेलंय, अमुक दिवसांपासूनची हूडं परत द्या. हसुराम म्हणाले, "आमी पाण्याला वास आला म्हनलं तवा तुमी किती बोललाव, भाई..." भाईंनी मान खाली घातली. मग हसुरामांनीच पहिलं हूड काढून दिलं. आम्ही ती सगळी घरी आणून पुन्हा तपासली, या वेळी माझ्या नाकाने. नव्या खेपेची आतली नळी, माणूस खाली वाकला की दुमडत होती. हवा बंद, आणि केवडा थेट आत. पोती ओतणारा माणूस तर सारखा वाकतो. ज्या हूडांत ती नळी होती त्यांत हसुरामांचंही एक होतं. भाई ते मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसले होते. नाक का गेलं याची डॉक्टरांनी तीन कारणं सांगितली. भाईंनी तिन्हींवर संशय घेतला.

तेव्हापासून नाक माझं आणि डोकं त्यांचं. परीक्षेच्या दिवशी मी गजरा माळत नसे, देवापुढे उदबत्ती नवरा लावी. आखातातली ती वाळू मात्र भाईंच्या छातीत घर करून होती, हूड सुचायच्या आधीच आत गेलेली. शेवटी दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावला तर तो दाढीवर नीट बसेना. नर्स म्हणाली, थोडी कमी करू या का? भाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी बोटाने नळी दाखवली. मी ओळखलं. नळी धरून भिंतीपर्यंत गेले, भिंतीपलीकडे सिलिंडर कुठे आहे ते वॉर्डबॉयला विचारून बघून आले आणि सांगितलं, "बरोबर आहे, भाई. मी बघितलं." तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले. आमची ती शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. मागच्या खोलीत खुंटीवर त्यांचं शेवटचं हूड तसंच होतं, मानेला नवी दुहेरी झालर असलेलं. तपासायचं राहिलेलं. ते कधी मिळेल म्हणून हसुरामांनी दोनदा निरोप पाठवला होता. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, अत्तराला हात लावत नाहीत, म्हणून त्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मुलीने, सनाने, बाटली उघडली. मी हूड घातलं. आत त्यांच्या हाताची, खडूने काचेखाली काढलेली खूण तशीच होती. हवा चालू झाली. सना कापूस फिरवत होती. मी वाकले, वळले. वास नाही. भाभींचा चेहरा उजळला. मग मी झालर उचलली आणि खोल श्वास घेतला.

काहीच नाही.

मी सनाकडे बघितलं. म्हटलं, "पाणी आहे का?" ती म्हणाली, "नाही हो, मावशी, केवडाच आहे, सगळी खोली भरलीय." भाभी दारातून म्हणाल्या, "थोडा तरी आला असेल ना, ताई? त्यांचं शेवटचं आहे..." हो म्हणायला किती सोपं होतं! त्या दोघींना बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण खूण दिसल्यापासून मी रडत होते आणि माझं नाक पार चोंदलं होतं.

"नाही आला, भाभी," मी म्हटलं. "आजची परीक्षा धरायची नाही."

मी हूड पुन्हा खुंटीवर टांगलं. सनाला बाटलीचं बूच घट्ट लावायला सांगितलं. नाक मोकळं झालं की परत जाणार आहे... शुक्रवार सोडून.