अल ऐनला शाळा, बुरैमीला घर

"ये लोग भी जा रहा है," कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतला मलबारी एका गिऱ्हाइकाला म्हणाला. "पूरा गली खाली हो जाएगा, देखो." मी पाण्याच्या बाटल्या घ्यायला त्या गिऱ्हाइकाच्या मागेच उभी होते. बाहेर पठाण ड्रायव्हर पिकअपमध्ये आमचा फ्रिज दोरीने बांधत होता आणि बाबा "यल्ला भाई, यल्ला" करत त्याची पाठ पुरवत होते. जायचं होतं बुरैमीहून अल ऐनला, फार तर पंधरा मिनिटांवर. फक्त मधे देश बदलत होता.

पुण्यातले लोक इथे गोंधळतात, म्हणून सांगते. अल ऐन अमिरातीत आणि बुरैमी ओमानमध्ये. पण नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून जणू एकच गाव होतं. रस्ता सरळ जायचा. मधे ना फाटक, ना कोणी पासपोर्ट मागणारा. दुकानांच्या पाट्यांवरचे फोन नंबर बदलले की समजायचं, ओमान आलं. बुरैमीत भाडं जवळजवळ निम्मं, त्यामुळे नोकरी अल ऐनला आणि बिऱ्हाड बुरैमीला असे बरेच संसार होते. त्यातलाच आमचा. याला कोणी हरकत घेतली नव्हती, तशी परवानगीही दिली नव्हती. बाबांना धास्ती होती ती त्याचीच. उद्या कोणी कंपनीत बोललं आणि व्हिसा गेला तर?

"कोणी विचारलं तर अल ऐनलाच, घड्याळाच्या राउंडअबाउटजवळ राहतो म्हणायचं," आई बजावायची. "आणि जास्त बोलायचं नाही." दुसरी गोष्ट मला न शिकवता जमायची.

शाळेची बस हद्द ओलांडत नसे. मी शेवटच्या स्टॉपला उतरायचे आणि दप्तर पाठीला लावून परदेशात चालत जायचे. सोशल स्टडीजमध्ये आम्हाला अमिरातीचा नकाशा रंगवायला असे. सात अमिराती, सात रंग. शारजाचा रंग एका किनाऱ्याला आणि पुन्हा पलीकडच्या किनाऱ्याला, तुकड्यातुकड्यांनी. समुद्रातली तीन बेटं इराण आपली म्हणतो, अमिरातही आपली म्हणते. "जस्ट कलर देम, नो क्वेश्चन्स," मिस म्हणायच्या. बुरैमी रेषेच्या बाहेर, कोऱ्या भागात. त्या कोऱ्या भागासाठीही एके काळी बंदुका निघाल्या होत्या, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळायचं, की जिथे माझी गादी आणि सायकल आहे तिथे रंग भरायचा नाही.

वर्गातल्या बिन्सीकडे मी दर वाढदिवसाला जायचे, तिला मात्र कधी बोलावलं नाही. "व्हॉट इज युवर हाउस, मिलिटरी एरिया?" ती विचारायची. मी हसून विषय बदलायचे.

आमच्याकडे एकच बाई यायची. उम्म खलफान, म्हणजे खलफानची आई, आमची घरमालकीण आणि शेजारीण. दुपारी कॉफीचा थर्मास आणि खजूर घेऊन ती आईसमोर सतरंजीवर बसायची. तिचं हिंदी मोडकं, आईचं त्याहून मोडकं, तरी दोघींचं बोलणं संपायचं नाही. साबुदाण्याची खिचडी तिला पटली नाही. "ये मोती कच्चा है," म्हणायची आणि वाटी संपवायची. माझ्याकडे बघून आईला विचारायची, "अनघा के मुँह में खजूर है क्या? खलास ही नहीं होता?"

दोन हजारनंतर हद्दीवर तारेचं कुंपण उभं राहायला लागलं. बाबा काही महिने "इन्शाल्ला, काही होत नाही" म्हणत राहिले. मग कंपनीत व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओनेच त्यांना हळूच सांगितलं, की आता रोज असं येणं-जाणं चालायचं नाही. निघताना उम्म खलफान आईला म्हणाली, "इतना पास है. रोज़ आना." आई "हो, हो" म्हणाली, चक्क मराठीत.

ती एकदाही गेली नाही. अल ऐनचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता, लिफ्ट होती, आता कोणालाही बोलावता येत होतं. आई दुपारी एकटीच चहा घ्यायची. इतक्या जवळच्या बाईला फोन करायचा तर आयएसडी. "मिनिटाला दोन दिरहम, म्हणजे पंचवीस रुपये," आई मोठ्याने म्हणायची आणि रिसीव्हर ठेवून द्यायची.

बारावीनंतर मी पुण्याला हॉस्टेलवर आले. इथे मी 'दुबईची'. माझ्यासारखे जे आता टोरांटोला नाहीतर मेलबर्नला आहेत, त्यांनाही हा शब्द चिकटलेला असेल. मी तो कधी खोडला नाही. खोडायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सहा महिन्यांच्या आत परत पाय लावला नाही तर व्हिसा मरतो, म्हणून मी सुट्टीत अल ऐनला जायचे. अशाच एका सुट्टीत कळलं, की उम्म खलफानचं ऑपरेशन झालंय. आई म्हणाली, "मी जाऊन येणार."

बाबा वैतागले. "एवढी वर्षं तिकडे राहिलो आणि पासपोर्टवर एक शिक्का नाही. विचारलं तर काय सांगशील? नसतं काही निघालं तर माझी नोकरी जाईल."

"मग नका येऊ तुम्ही," आई म्हणाली. बाबांना ती असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

टॅक्सीत तिने मला बजावलं, "तू काही बोलू नकोस. मी बघते."

ओमानच्या चौकीत काउंटरवरचा पोरगेला ऑफिसर आमचे पासपोर्ट चाळत होता. "पहली बार ओमान?"

"येस, येस. फर्स्ट टाइम," आई म्हणाली.

"किधर जाएगा? होटल?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ज्या घरी जायचं होतं त्याला ना नंबर होता, ना रस्त्याचं नाव. तो पासपोर्ट हातात धरून थांबला होता. बाजूची रांग पुढे सरकत होती आणि आईचा चेहरा उतरत चालला होता.

मी काचेजवळ गेले. "होटल नहीं," मी म्हणाले. "मेरा घर है इधर. सब्ज़ी मंडी के पीछे, उम्म खलफान के बाजू में. मैं यहीं बड़ी हुई हूँ."