श्राद्धाच्या पानावर बसलेली बाई

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरी दर शनिवारी सकाळी जग बुडायचं. बेल वाजायची आणि दारात सत्तरी उलटलेली एक गोरी बाई उभी असायची. ठिबकणारा रेनकोट, हातात ज्वाळांची चित्रं छापलेली पत्रकं. न्यायाचा दिवस आलाच आहे, असं ती इतक्या खात्रीने सांगायची की मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्यांचं टाइमटेबल तिच्यापुढे अफवा वाटावं. एकटा होतो तोवर मी सोफ्यामागे लपायचो. लपण्यात इतका तयार झालो होतो की एकदा घरमालक येऊन घर रिकामं समजून नव्या भाडेकरूला दाखवून गेला.

मग पुण्याहून आई आली आणि माझं लपणं संपलं. म्हाताऱ्या बाईला पावसात उभं ठेवणं तिला जमणारं नव्हतं. आधी चहा, मग पोहे. पुढे पुढे तर बाई थालीपिठावर लोणी मागून घ्यायला लागली. आईने पोस्टात नोकरी केलेली, इंग्रजी सगळं कळायचं, बोलायची मोजकं. दोघीही विधवा. गुडघे आणि हवा या विषयांवर त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटपेक्षा जास्त चर्चा केली. पत्रकांवर आई मेथी निवडायची.

सप्टेंबरात बाबांची तिथी आली, तीही शनिवारी. बाबांनी हॉस्पिटलमध्ये प्राण सोडला तेव्हा आई अंघोळीपुरती घरी आली होती. ते शेवटी एकटे होते, आता कुठे असतील, नीट असतील ना, हे तिचं कधी संपलंच नाही. म्हणून परदेशातही खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. मागच्या गार्डनमध्ये कावळ्यासाठी पान ठेवलं. जेवायला भटजी काही मिळेनात. तेवढ्यात बेल वाजली.

"आई, हिला? श्राद्धाला?"

"भुकेली दिसतेय. तुझ्या बाबांना चालेल."

बाई बाबांच्या नावाच्या पानावर बसली. वडे संपवले, खिरीची वाटी अर्धी केली, मग विचारलं, आज काय विशेष? आईने सांगितलं, नवऱ्यासाठी, तो तृप्त व्हावा म्हणून. बाईने चमचा खाली ठेवला, आईचा हात धरला.

"माय डिअर, त्याच्यासाठी आता काही करता येत नाही. तो तारणाऱ्याला न ओळखताच गेला. त्याचा निवाडा होईल. पण तुला अजून वेळ आहे."

माझं डोकं इतकं तापलं की त्यावर उरलेले वडे तळून निघाले असते. रिक्षात कुणाची छत्री राहिली तर ती परत द्यायला अख्खं कोथरूड पालथं घालणारा माणूस, त्याला आग? आणि हे सांगायचं त्याच्याच वाटीतली खीर खाऊन? आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"उठा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

बाई उठली नाही. रडायला लागली.

"मला सांगावंच लागतं. न्यायाच्या दिवशी मला विचारतील, हिच्या घरी जेवलीस आणि हिला सावध केलं नाहीस? माझ्या नवऱ्याला मी नीट सांगितलं नाही. तो हसायचा. तसाच गेला."

माझा राग निवला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. या वयाच्या बाईला नवऱ्याच्या आगीची धास्ती घालून पावसात दारोदार पिटाळतं कोण? आमच्या बँकेतल्या मॅनेजरलाही असं टार्गेट देताना लाज वाटली असती, आणि तो माणूस कुणाच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही अर्ध्याच दिवसाची रजा देणारा.

आईने पाण्याचा पेला बाईपुढे सरकवला. मग आपल्या जपून जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाली, "तो दिवस आला की मला हाक मार. मी सांगेन, हिने मला सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. तुझ्यावर काही येणार नाही. आता खीर संपव, या पानावर टाकायचं नसतं."

बाईने डोळे पुसत खीर संपवली. त्या दिवशी पत्रक द्यायला विसरली.

ती गेल्यावर आईने भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "कावळा शिवला का रे?"

मी खिडकीतून पाहिलं. पानावर एक लठ्ठ कबुतर बसून वडा फोडत होतं. हॅरोतला एकमेव कावळा कुंपणावर बसून बघत होता.

"शिवला," मी म्हटलं. "एक नाही, तीन आले होते. भांडत होते वड्यासाठी."