पाच मिनिटं आधी गेलेली खोली

हा किस्सा मी सांगणारच नव्हतो. पण आमच्या व्याह्यांनी तो कळसपासून कन्हेरीपर्यंत गावभर केलाय, तेव्हा निदान माझ्या तोंडून तरी खरा ऐका. आणि चहा संपला तरी उठू नका. अर्ध्यावर उठलात, तर मी बरा माणूस आहे असा तुमचा गैरसमज होईल!

तर, बारामतीत माझं घर आहे. खाली आम्ही दोघं नवराबायको, वर एक खोली, मोरी आणि ओटा. दारावर पाटी, पाटीवर 'खोली भाड्याने, चांगल्या घरातल्यांना' आणि माझा मोबाइल नंबर. आता मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही हं! जात मी कुणाला म्हणजे कुणाला विचारत नाही. फक्त गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात आणि कुणापैकी, एवढंच विचारतो. आणि मग खोली गेलेली असते.

एका महिन्यात ती खोली सात वेळा गेली. एकदा भाच्याला, एकदा मेहुण्याला. असायची मात्र तिथंच, कुलूप घालून.

असाच एका मुलीचा फोन आला. भिगवणची, बारामतीत एका दवाखान्यात नर्स. वडील उजनीच्या पाण्यात मासे धरतात, म्हणाली. मी लगेच म्हटलं, "आमच्या घरात मासं चालत न्हाईत बघ."

"मी खोलीत न्हाय करणार, काका."

आता आली का पंचाईत! मासे नुसते तोंडदेखले होते हो, माझं घोडं अडलं होतं आडनावाशी.

"आगं, खोली गेली बघ. तुझ्या फोनच्या पाच मिनिटं आधी!"

फोन ठेवला आणि विसरलो. साफ विसरलो. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या रविवारी कळसचे आमचे व्याही आले. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना घेऊन मी भिगवणला गेलो. कशाला? अहो, मासे खायला! घरी बायको शिजवू देत नाही, म्हणून महिन्यातून दोन रविवार माझं भिगवणला 'काम' निघतं. शालनताईंची खानावळ ठरलेली. नवरा मासे आणणार, त्या रस्सा करणार, आणि मी दिसलो की न मागता मधला तुकडा माझ्या ताटात पडणार.

त्या दिवशी ताई वाढता वाढता म्हणाल्या, "तात्या, तुमी बारामतीचं. आमच्या पोरीला खोली बघा की कुठंतरी. शिफ्टची ड्युटी हाय, हितनं जायाला दोनदा उशीर झाला. एक तारखेपासनं जवळ ऱ्हायला न्हाय आली, तर कामावर येऊ नको म्हणालेत."

"मग खोल्यांना काय तोटा हाय व्हय?"

"खोल्या हायत. आमचं आडनाव ऐकलं की जात्यात."

आता सांगा, इथं माणसानं खाली मान घालून जेवावं की नाही? पण शेजारी व्याही, ताटात चिलापी मासा, आणि माझ्या अंगात आलेलं!

"कोण हाय त्यो?" मी भाकरी उगारून गरजलो. "ह्या काळात आडनावं बघत्यात? राज्यघटना वाचलीय का म्हणावं! ताई, तुमची पोरगी ती माझी पोरगी. मी सोता फोन लावून एकेकाची खरडपट्टी काढतो!"

शेजारच्या टेबलावरचे दोघं जेवायचे थांबले. आबांनी कौतुकानं मान डोलावली. आता कुणीतरी हारच घालतंय, असं मला वाटायला लागलं.

ताईंनी आत हाक मारली. "पिंके, भाईर ये गं! तात्या बोलत्यात त्यांच्याशी."

मुलगी आली. शिकायला सोलापूरला होती, म्हणून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "नावं न्हाईत काका माझ्याकडं. मालक स्वतःचं नाव सांगतच न्हाईत. ज्यानं जे कारण दिलं, त्याच नावानं मी नंबर सेव्ह केल्यात."

आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. 'भाचा येणार.' 'फक्त फॅमिली.' 'रंगकाम चालू.' 'पाच मिनिटं आधी गेली.'

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"आज रविवार हाय," मी कसाबसा म्हणालो. "लोक झोपलेली असत्यात. उद्या सकाळी..."

"आवो, उद्या कशाला?" हे आबा! "पोरी, त्यो पाच मिनिटंवाला लाव. लई शाना दिसतोय."

खिशातला फोन बंद करावा, तर उजवा हात कोपरापर्यंत रश्श्यानं माखलेला, आणि फोन उजव्या खिशात! डावा हात पोटावरून तिकडं नेता नेता मी बाकावरून घसरलो. तेवढ्यात सनई सुरू झाली. रिंगटोन हो माझी! सबंध खानावळीत लग्न लागल्यासारखी सनई, आणि मी टेबलाखाली अर्धा वाकलेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर उपकार झाले असते. शेवटी पिंकीनंच फोन कट केला.

"खोली रिकामीच हाय," मी म्हणालो. "आजच चल. किल्ली देतो."

"नको काका." ती रागावलीसुद्धा नव्हती. "जाता-येता तुमी दिसणार, आन् तुमच्या मनातलं मला आता ठावं हाय. दुसरी बघा. आईला शब्द दिलाय तुमी."

शालनताईंनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि साबण पुढं केला. "नीट लावा तात्या. घरी वास जायला नको."

हे त्या मला दर वेळी सांगतात. त्या दिवशी मात्र मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली. दिसेल त्या पाटीखाली बेल वाजवत सुटलो. ओळखीची नर्स आहे म्हटलं की लोक खूश. मग गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात? दहा घरं हिंडलो, दहा खोल्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. एका मालकानं तर मला शेजारी बसवून समजावलं, "तात्या, तुमाला सांगायला नको, तुमी आपल्यातलेच." हे वाक्य मीही वापरलंय.

एक तारखेला दोन दिवस उरले, तेव्हा एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी हो म्हटलं. त्यांनी फक्त ड्युटीच्या वेळा विचारल्या आणि नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं. किल्ली देता देता मात्र थबकल्या.

"अहो, पण तुमच्याच दारावर पाटी आहे की! स्वतःची खोली सोडून मुलीला इकडं का आणताय?"

"दिली होती तिला. नको म्हणाली."

"का? पाण्याचा त्रास आहे का?"

"पाणी भरपूर हाय."

"मग अडलं कुठं?"

"तिला चांगल्या घरातला मालक पायजे होता, बाई," मी म्हणालो.