आप्पांनी बांधलेलं सायकलचं चाक

माझ्या सल्ल्यानं जन्मात एकदाच सायकल दुरुस्त झाली. त्यात कुणी मेलं नाही, एवढंच.

आमचे हे हिंडलग्याला शाळामास्तर होते. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि अख्ख्या गल्लीत सायकल आमची एकच. तिच्या मागच्या चाकाच्या तारा खिळखिळ्या झाल्या. बेळगावचा सायकलवाला म्हणाला, "सगळ्या काढून, एकीवर एक तिरक्या घालून परत विणायला लागतील."

"तिरक्या कशाला?" मी म्हणाले. (मी कडोलीच्या आप्पा सुताराची लेक. चौथी पास. चाकातलं मला सगळं कळायचं!) "बैलगाडीचे आरे सरळच असतात. तरी वीस पोती जातात!"

"आक्का, बैलगाडी बैल ओढतो. हितं तारा अडकवतात तो मधला तुंबाच चाकाला फिरवतो. तो पीळ तिरकी तारच सोसते."

"व्हय व्हय! आमचे आप्पाच बांधतील."

घरी सासूबाई म्हणाल्या, "बांधू दे. पण माझ्या लेकाची सायकल मोडली, तर तुलाबी आप्पाकडंच धाडीन. परत घेणार न्हाय."

त्या बोलल्या तसं करायच्या. माहेरी बसलेल्या थोरल्या जावेला विचारा!

आप्पांनी लोहाराकडून तारा आखूड करून घेतल्या आणि गाडीच्या आऱ्यांसारख्या सरळ बसवल्या. चाक उन्हात नुसतं लखलखत होतं. हे एक चक्कर मारून आले.

"पायडल दाबलं की चाक जरा उशिरानं हलतंय गं."

"नवं हाय. रुळंल."

मंगळवारी देवीला जायचं होतं. सासूबाईंचा पाय मुरगळलेला, म्हणून त्या मागच्या कॅरियरवर बसल्या. देवळाच्या चढावर सायकल इतकी मंद झाली, की मी नारळाची पिशवी घेऊन बरोबरीनं चालत होते.

टण्!

"काय वाजलं गं?" सासूबाई.

"खडा असंल, आत्याबाई." ती तार होती!

टण्! टण्!

"लई खडे हायती!"

हे दात खाऊन पायडल मारत होते. जेवढा जोर, तेवढ्या तारा तुटत होत्या! चाक दारुड्यासारखं झुलायला लागलं. एका बाजूला खोल ओघळ. 'उतरा' म्हणावं, तर माझा संसार गेला. न म्हणावं, तर सासूबाई गेल्या. मी पिशवी सावरत नुसती चालत राहिले. खरं सांगते, मी संसारासाठीच जास्त भ्यालते.

तेवढ्यात रिंग भाजलेल्या पापडासारखी वाकली. हे रस्त्यावर, सायकल यांच्यावर आणि सासूबाई ओघळाकडेच्या घाणेरीच्या झुडपात!

"आत्याबाई!" मी धावले. आता या उठतील आणि मला घालवतील. न उठल्या, तर गाव घालवेल!

सासूबाई उठून बसल्या. ओरखडे सोडले तर धड होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला, लेकाकडं चोरून बघितलं आणि कानाशी पुटपुटल्या, "माझ्याच वजनानं मोडलं गं चाक. गल्लीत कुणाला सांगू नकोस. तुला देवीची आण हाय!"

"न्हाय सांगत, आत्याबाई," मी म्हणाले, आणि मोठ्या मनानं त्यांना माफ करून टाकलं.

महिनाभर त्या एक भाकरी कमी खात होत्या. मी आग्रहसुद्धा केला नाही!