वॉर्ड पुलापर्यंतच

नर्सेसच्या मनःस्वास्थ्यासाठी आमच्या हॉस्पिटलात एकदा शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या मॅडमनी खुर्च्या मागे सारून आम्हाला सतरंजीवर आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि अंग सैल सोडा म्हणाल्या. माझ्या शेजारची आक्का लगेच घोरायला लागली. "बघा, किती छान रिलॅक्स झाल्यात," मॅडम खूष. अहो, डबल ड्युटी करून आलेलं माणूस ते, सतरंजी दिसल्यावर दुसरं काय करणार? शेवटी मॅडम म्हणाल्या, कामाचा ताण घरी नेऊ नका. मग तो ठेवायचा कुठे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आम्हाला मात्र ठाऊक होतं. आक्का वॉर्डातली माझी सीनियर आणि इस्लामपूरकडच्या आमच्याच गावची सून. माहेर पाटणचं, आवाज खणखणीत. सकाळची ड्युटी संपली की सांगलीहून एस.टी. आम्ही मिळून धरायचो. आक्काचा नियम होता: स्टँडपासून कृष्णेच्या पुलापर्यंत वॉर्डाचं काय ते बोलून घ्यायचं. रडायचं, डॉक्टरांना शिव्या घालायच्या, नातेवाइकांच्या नकला करायच्या. गाडी पुलावर चढली की ती म्हणायची, "पूल आला. गप." मग पिशवीतून गवार निघायची. ती मोडत मोडत सासवा, मालिका, उसाची तोड असं काहीबाही गावापर्यंत चालायचं.

पहिल्यांदा माझ्या हातावर एक लेकरू गेलं, त्या दिवशी पूल आला तरी माझे हुंदके थांबेनात. आक्कानं अख्खी गवार माझ्या मांडीवर ओतली. "मोड," म्हणाली. मी मोडली. तिच्या असल्या हुकमांवरच मी इतकी वर्षं नोकरीत टिकले.

मग आक्काच आमच्या वॉर्डात दाखल झाली. पोटात दुखायचं, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन ड्युटी करत राहिली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. मी तिच्यावर फार चिडले होते, आणि चिडून काही उपयोग नव्हता. गाठ सापडली तेव्हा आजार लिव्हरपर्यंत गेला होता.

आक्काचा नवरा फौजेत, तो सुट्टी काढून उशाशी बसला. गावात सासू राहिली, गुडघ्यांनी अधू, वर गोठ्यात म्हशी. ती रोज काठी टेकत फाट्यावर यायची आणि माझ्या एस.टी.ची वाट बघायची. "ल्योक फोनवर बरी हाय म्हणतोय. तू सांग."

पहिल्या दिवशी मी काहीतरी पुटपुटले. आक्काला हे कळल्यावर ती त्या अवस्थेतही खवळली. "माझ्या घरात वॉर्ड न्यायचा न्हाई. म्हातारीनं इचारलं तर सांगायचं, जेवली. बास."

"आणि नाही जेवलीस तर?"

"दोन घास खाईन की. तुला खोटं बोलाय लावणार न्हाई."

आणि खायची. माझी ड्युटी संपत आली की हाक मारायची. मी पेज भरवायचे, ती डोळे मिटून गिळायची. कधी लगेच उलटून पडायचं. तरी फाट्यावर उतरून मी बोलायचे ते खरंच असायचं, "जेवली." म्हातारी मान डोलवून घराकडे वळायची. गाडीत आता पुलाआधी माझं ऐकायला कुणी नव्हतं आणि पूल आल्यावर गप करायलाही कुणी नव्हतं. रोज तिला नदीपलीकडे ठेवून मी घरी जायचे. फार एकटं वाटायचं.

एक दिवस चमचा ओठांना लावला तर तिनं तोंडच उघडलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आज न्हाई जमत गं." ती माझी माफी मागत होती. ते मला अजून सोसत नाही.

एस.टी.त मी "जेवली, जेवली" घोकत बसले. फाट्यावर म्हातारी उभी होती. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे.

"तू जेवलीस का?"

मी पिशवी पाठीमागे सारली.

"लय दिस बघती. डबा भरलेला माघारी आणतीस. पिशवी लोंबती तवा कळतं की गं." तिनं मला कट्ट्यावर बसवलं, डबा उघडला आणि भाकरी माझ्या हातात दिली. "खा. आन् मग माझ्या सुनंचं खरं काय ते सांग."

सून बरी नाही, हे तिनं माझ्या भरल्या डब्यावरून आधीच ताडलं होतं. मी भाकरी खाल्ली आणि वॉर्डातलं सगळं तिला सांगितलं, पूल ओलांडून आल्यावर, आक्काच्या गावात. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिली. मग आम्ही दोघी रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर पोचायच्या आत आक्का गेली.

म्हातारी अजूनही फाट्यावर येते. सुनेचं नाव काढत नाही. मी उतरले की हात पुढे करते, मी डबा देते. ती तो हातात तोलून बघते, हलका लागला की परत करते आणि घराकडे वळते. घास उतरू नये असे दिवस आमच्या कामात येतातच. तेव्हा मी ड्युटीरूममध्ये डबा उघडते, डोळे मिटते आणि गिळते, आक्का गिळायची तशी.